परदेशातून : रस्ता बंद आहे, पण कधीपर्यंत?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. वडकबाळजवळ विजयपूरचा रस्ताही थांबला. त्या रात्री मी इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला फोन हातात घेऊन बसलो होतो. आई जुळे सोलापुरात, मामा दक्षिण सोलापूर तालुक्यात नदीपासून हाकेच्या अंतरावर, आणि मावसभाऊ मोहोळचा, कामाला चिंचोळी एमआयडीसीत. म्हणजे त्याचं घर सीनेच्या एका अंगाला आणि पगार दुसऱ्या अंगाला.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर तेव्हा एकामागून एक व्हिडिओ येत होते. ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहतंय, आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या कुणीतरी सारल्यात, आणि एक मोटरसायकलवाला मधोमध अडकलाय. काठावरून आवाज येतोय, ‘घाल बे, घाल, काय होत नाही.’ खाली ग्रुपवर दोन तट पडलेले. एकांचं म्हणणं, आपल्या लोकांना शिस्त नाही, असल्यांच्या गाड्या जप्त करा, बचावाचा सगळा खर्च त्यांच्याकडूनच घ्या. दुसऱ्यांचं म्हणणं, दरवर्षी तीच फरशी बुडते आणि दरवर्षी तेच आश्वासन मिळतं, मग लोकांनी जायचं कुठून? मग एकाने मला उद्देशून लिहिलं, ‘तुमच्याकडे तर यासाठी कायदाच आहे ना? तसा इथे आणायला हवा.’

आहे. ॲरिझोनात १९९५ पासून आहे. लोक त्याला ‘स्टुपिड मोटरिस्ट लॉ’ म्हणतात, मूर्ख वाहनचालकांचा कायदा. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर बॅरिकेड लावलेले असताना ते ओलांडून गाडी घातली आणि सुटका करावी लागली, तर त्या सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करता येतो, २,००० डॉलरपर्यंत. ऐकायला फार बरं वाटतं. मलाही इथे आल्यावर पहिली काही वर्षं वाटायचं.

सोलापूरच्या माणसाला हा मुलूख अनोळखी वाटत नाही. उन्हाळा तसाच भाजणारा, पावसाळ्याला इथेही ‘मान्सून’च म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. आणि आपल्यासारखेच ओढे, वर्षातले बहुतेक दिवस कोरडे. रस्ता सरळ ओढ्याच्या पात्रात उतरतो आणि पलीकडे चढतो, पूल नाही. डोंगरात कुठेतरी ढग फुटतो आणि इथे डोक्यावर ऊन असताना पाण्याचा लोंढा येतो. २०१७ च्या जुलैत पेसन गावाजवळ ओढ्यात डुंबायला गेलेल्या एकाच कुटुंबातली १० माणसं अशीच गेली. पाऊस वरच्या बाजूला, वणव्यात जळून उघड्या पडलेल्या डोंगरावर झाला होता. त्यांनी कुठलाही फलक ओलांडला नव्हता. त्यांच्यापर्यंत इशाराच पोचला नव्हता.

आणि ज्यांच्यापर्यंत इशारा पोचतो, ते इथेही थांबतातच असं नाही. अमेरिकेत पुरात जाणाऱ्या बळींपैकी निम्म्याहून अधिक जण गाडी पाण्यात घातल्यामुळे जातात. म्हणजे ‘परदेशात लोक नियम पाळतात’ हे आपलं घरगुती गृहीतक या एका बाबतीत तरी टिकत नाही. इथली हवामान सेवा वर्षानुवर्षं सांगत आली आहे की वेगाने वाहणारं ६ इंच पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, १२ इंच पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकतं आणि २ फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. ६ इंच म्हणजे वीतभरही नाही. आपल्याकडे ‘गुडघाभर तर पाणी आहे’ असं म्हणतात तेव्हा ते याच्या तिपटीच्या आसपास असतं, हे मला सोलापुरातल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगावंसं वाटतं.

फरशीवर तर आणखी वाईट. खालच्या नळ्यांत झाडोरा, उसाची पाचट, प्लास्टिक अडकतं आणि नळ्या तुंबल्या की सगळं पाणी वरून जातं. कठडे नसतात, त्यामुळे कड कुठे संपते ते गढूळ पाण्यात कळत नाही. काँक्रीटवर शेवाळ असतं. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली भराव वाहून गेलेला असू शकतो. चालवणारा रस्त्याच्या आठवणीवर गाडी घालतो, आणि त्याला आठवतो तो रस्ता त्या क्षणी तिथे असतोच असं नाही.

कायद्याबद्दल माझं मत ज्या घटनेने बदललं ती २०१९ च्या नोव्हेंबरातली. ॲरिझोनातल्याच टाँटो क्रीक नावाच्या नदीचं पात्र भरून वाहत होतं, रस्ता बंद होता, बॅरिकेड होते, फलक होते. एक मोठा लष्करी धाटणीचा ट्रक ते सगळं ओलांडून पाण्यात घातला गेला. आत दोन मोठी माणसं आणि सात मुलं. तीन मुलं बुडाली, कुणाचंही वय सहाच्या वर नव्हतं. चूक कुणाची याबद्दल शंका नव्हती, खटलाही झाला. मूर्ख वाहनचालकांचा कायदा तेव्हा चोवीस वर्षं जुना होता. तो त्या मुलांच्या उपयोगी पडला नाही, कारण पाण्यात उतरणाऱ्याच्या मनात खर्चाचा हिशेब नसतोच. आपण अडकू असं वाटलं असतं तर तो उतरलाच नसता.

पण तिथल्या लोकांनी चर्चा चालकापाशी थांबवली नाही. नदी भरली की पलीकडची वस्ती कित्येक दिवस दवाखाना, शाळा, किराणा यांपासून तुटायची, आणि याआधीही तिथे माणसं बुडाली होती. दुर्घटनेनंतर केंद्र सरकारकडून दोन कोटी डॉलरहून अधिक निधी मिळाला आणि त्या पात्रावर पूल झाला. दोष चालकाचा होता आणि पूलही हवा होता. ग्रुपवरचे दोन्ही तट आपापल्या जागी खरं बोलत होते, असं मला म्हणूनच वाटतं.

मला मात्र त्या दोघांच्या मधलं काहीतरी सतत खटकत राहतं, ते म्हणजे फलक. सोलापूर सोडून इतकी वर्षं झाली तरी दर सुट्टीत तेच दिसतं. काम संपून रस्ता सुरू झालेला असतो आणि ‘रस्ता बंद आहे’ हा बोर्ड कडेला तसाच उभा असतो. ‘पुढे काम चालू आहे’ लिहिलेलं असतं तिथे दोन पावसाळे काम नसतं. पेपरात दर श्रावणात ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ हे ठरलेलं वाक्य येतं, उजनी धरणातून विसर्ग थोडा असो की प्रचंड. क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं याचा, आकडा असतो, पण त्या आकड्याला आपल्या गावची फरशी बुडते की नाही, हे वाचणाऱ्याने कसं ठरवायचं? दहा बोर्ड खोटे निघाले की अकराव्याच्या कडेने माणूस गाडी पुढे काढतो. त्याला शिस्त नाही असं म्हणून भागणार नाही. त्याला आपणच तसं शिकवलं.

इथे पाणी ओसरलं की बॅरिकेड त्याच दिवशी उचलले जाताना मी पाहिलेत, आणि म्हणून पुढच्या वेळी ते दिसले की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. माझा स्वभाव सोलापूर सोडताना होता तोच आहे. पात्रात उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला फुटांच्या खुणा रंगवलेला खांब असतो. पाणी किती हे अंदाजाने नाही, वाचून कळतं. हा खांब उभारायला असा किती खर्च येतो? आपल्या प्रत्येक फरशीच्या दोन्ही टोकांना तो असावा, त्यावर लाल रेघ असावी, आणि रेघ बुडाली की पोलीस पाटलाने साखळी लावावी व उघडी पडली की त्यानेच काढावी. शिवाय बोर्डावर दुसरा रस्ता कुठून आणि किती किलोमीटर, हे लिहिलेलं असावं. सकाळी सहाला दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या माणसाला ‘बंद’ एवढंच सांगणं म्हणजे त्याचं दूध नासू द्या असं सांगणं आहे.

१५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि ४ जण गेले, तेव्हाही हीच दुखणी होती. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. नव्या पुलाला मंजुरी होती. आणि पुलाची दोन्ही तोंडं रविवारच्या गर्दीसाठी उघडी होती. फलक लावला की जबाबदारी संपते असं ज्याला वाटतं, त्याच्याही हातून तो फलक ओलांडला गेलेला असतो, असं मी मानतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. आधी मामाला फोन केला, कारण माझ्यापुरती ही गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. मी सातवीत होतो. मामाच्या राजदूतवर मागे बसलो होतो, ओढ्याला पाणी आलं होतं, कुणीतरी बैलगाडी आडवी लावून रस्ता अडवला होता. मामाने कडेने गाडी घातली. मधे पोचलो आणि मागचं चाक सरकलं. मला एका माणसाने दंडाला धरून ओढलं, मामा पुढे बाभळीला अडकला, राजदूत दोन दिवसांनी चिखलात सापडली. मामा ती गोष्ट लग्नाकार्यात अजून सांगतो, लोक हसतात, पोरं कान टवकारून ऐकतात. त्या पोरांकडे पाहताना माझ्या पोटात गोळा येतो.

या वेळी मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, ‘मामा, त्या दिवशी पाणी किती होतं?’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘गढूळ होतं रे. दिसत कुठं होतं?’