कॉर्पोरेशन, एस. एम.

प्रबंध लिहून झाला तेव्हा मला वाटलं, सुटले. टेरी टॉवेलच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांवर सहा वर्षं घालवली, मे महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या पत्र्याखाली बसून मुलाखती घेतल्या. सरांनी सगळी पानं चाळली आणि म्हणाले, "मॅडम, संदर्भ तेवढे एपीएमध्ये करून घ्या, की झालं." एपीए म्हणजे संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत. आणि हे 'की झालं' म्हणजे लग्नातल्या आचाऱ्याचं 'पाच मिनिटं'.

तोवर माझे संदर्भ एका वहीत होते. कुठे सन आधी, कुठे शेवटी, कुठे नाहीच. एका पुस्तकापुढे नुसतं 'हिरवं, खालचा कप्पा' असं लिहिलेलं. मला ते पुरत होतं.

स्टाफरूममध्ये विचारलं, तर संदर्भांची यादी आपोआप करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचे तिथे तीन पंथ निघाले. पहिला झोटेरोवाल्यांचा. ते २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्माला आलं आणि फुकट आहे, यातला 'फुकट' हा शब्द दोनदा सांगण्यात आला. दुसरा मेंडेलीवाल्यांचा. हे नाव मेंडेल आणि मेंडेलीव्ह या दोन शास्त्रज्ञांचं मिळून केलंय, आपल्याकडे दोन मुलांची नावं जोडून दुकानाची पाटी करतात तसं. २०१३ पासून ते एल्सव्हिअरच्या घरी नांदतं. तिसऱ्या पंथात एकच गृहस्थ, एंडनोटचे. ते विकत घ्यावं लागतं, त्यामुळे ते कमी आणि तोऱ्यात बोलतात. मात्र तीस दिवस वापरून बघायला मिळतं.

आम्ही सोलापूरकर. चादर घ्यायची तर तीन दुकानांत उलगडायला लावतो आणि चौथ्यात घेतो. तेव्हा ठरवलं, तेच चार संदर्भ तिन्हीकडे घालून बघायचे.

पहिल्याच फेरीत कॉर्पोरेशन सर भेटले. एका मैत्रिणीने तिची बिबटेकची, म्हणजे संदर्भ साठवायच्या एका साच्यातली, फाइल दिली होती, त्यात सोलापूर म्युनिसिपल कॉर्पोरेशनचा एक अहवाल होता. यादीत तो उमटला असा: 'कॉर्पोरेशन, एस. एम.' शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, ही सॉफ्टवेअरची ठाम समजूत. त्याला काय माहीत, पाणी कधी येणार हे विचारायला आपण ज्यांच्या दारात जातो ते कॉर्पोरेशन म्हणजे कुणाचे चिरंजीव नव्हेत. यावर प्रत्येक दैवताचा उपाय निराळा. झोटेरोत नावाचे दोन रकाने असतात, ते बटण दाबून एक करायचे. एंडनोटमध्ये संस्थेच्या नावाच्या शेवटी एक स्वल्पविराम ठोकायचा. बिबटेकच्या मूळ फायलीत नावाभोवती दुहेरी महिरपी कंस घालायचे. महादेवाला बेल, गणपतीला दूर्वा, तसंच हे. चुकून दूर्वा महादेवाला वाहिल्या की कॉर्पोरेशन सर पुन्हा हजर.

मग लेखकांची नावं. चार जणांनी मिळून लिहिलेला एक लेख होता. एपीए यादीत चौघांनाही मान देते, मजकुरात मात्र पहिलं आडनाव आणि पुढे 'एट अल.', म्हणजे 'आणि इतर'. एमएलए ही दुसरी पद्धत यादीतसुद्धा पहिल्यालाच पाट मांडते, बाकीचे तिघे एट अल.मध्ये. म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'आणि समस्त परिवार'. व्हँकूवर या तिसऱ्या पद्धतीत सहा जणांपर्यंत नावं घालतात, पण आद्याक्षरांपुढचे टिंब काढून घेतात. सगळ्यात कहर एपीएच्या सातव्या आवृत्तीचा. वीस लेखकांपर्यंत सगळे छापायचे. एकवीस झाले की पहिले एकोणीस, मग तीन टिंबं, मग शेवटचा. विसाव्या माणसाने काय घोडं मारलंय? आमच्याकडे एखाद्या पत्रिकेत असं झालं तर तो विसावा काका मांडवात पाऊल ठेवणार नाही, आणि पुढची तीन लग्नं तोच विषय.

या फेरीत एक गोष्ट ध्यानात आली. झोटेरो आणि मेंडेलीच्या याद्या शेजारीशेजारी ठेवल्या तर टिंबाचाही फरक नाही! दोघंही सीएसएल नावाच्या एकाच भाषेत लिहिलेल्या शैली वापरतात. तशा दहा हजारांहून जास्त शैली फुकट मिळतात. एंडनोटच्या शैली त्याच्या स्वतःच्या. त्या फायली झोटेरोत उघडता येऊ लागल्या म्हणून २००८ साली एंडनोटच्या तेव्हाच्या मालकांनी, थॉमसन रॉयटर्सने, जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला होता. पुढच्या वर्षी तो निकालात निघाला. स्वल्पविराम कुणाचा यावरून कोर्टाची पायरी चढणारे लोक जगात आहेत हे वाचून मला आमचे भाऊबंद एकदम समंजस वाटायला लागले.

हे मी जेवताना सांगत होते. मामंजींनी तीस वर्षं चादरीच्या, पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर काढलीत. ते कडक भाकरी मोडत म्हणाले, "जॅकार्डला पुठ्ठे तेच चढवल्यावर मोर तोच उतरणार. रंग चुकला तर पुठ्ठ्याला का शिव्या देतीस? सूत कुणी भरलं?"

सूत मी भरलं होतं. रात्री बारा वाजता, एका डोळ्याने.

उदाहरणार्थ, इंग्रजी शीर्षकं. काही मी सगळे शब्द कॅपिटल करून भरली होती, काही नाही. एपीएला शीर्षकाचं आणि उपशीर्षकाचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल लागतात. झोटेरोत 'सेन्टेन्स केस' नावाची सोय आहे, ती दाबली आणि सोलापूरचा एस धाकटा झाला. मशीनला ते गावाचं नाव आहे हे कसं कळावं? एमएलएला उलट प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं, ते झोटेरो आपोआप करतं. पण रोमन लिपीतल्या मराठी शीर्षकांतल्या 'आणि'लाही टोपी चढवतं. त्यावर उतारा म्हणजे भाषेच्या रकान्यात 'एमआर' लिहायचं. हा मराठीचा संकेत. आपली मायबोली संगणकाच्या दरबारी मिस्टर आहे, हे माझं सहा वर्षांतलं एकमेव मूलभूत संशोधन.

पंधरा दिवसांनी यादी झळझळीत झाली. घेऊन कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी परिपत्रकातला नमुना बोटाने दाखवला. "मॅडम, गाव कुठाय?"

एपीएने २०१९ साली सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव काढून टाकलंय. नमुन्यात ते होतं, म्हणजे नमुना सहावीचा. पण त्यात सन शेवटी होता, म्हणजे सहावीचाही नाही. दहा हजार शैली धुंडाळल्या तरी तो नमुना कुठे सापडायचा नाही, तो फक्त त्या टेबलावर राहतो. मी नवी आवृत्ती समजावू लागले, तर बाई म्हणाल्या, "ते तुमचं बरोबर असेल हो, पण नमुन्यासारखं पाहिजे."

शेवटी सगळं डीटीपीवाल्या पोराकडे दिलं. त्याला म्हटलं, यादीला हात लावू नकोस, मी बदललं की ती आपोआप बदलते. दुसऱ्या दिवशी तो खुशीत. "ते करड्या रंगाचं काहीतरी मधीमधी यलालतं मॅडम, काढून टाकलो की सगळं!" त्याने संदर्भांचा सॉफ्टवेअरशी असलेला संबंधच तोडला होता. तिसरं प्रकरण तर माझ्या जुन्या, दुरुस्तीच्या आधीच्या फायलीतून उचललेलं. उरलेले स्वल्पविराम मी हाताने बसवले, गावं हाताने लिहिली, सन उचलून शेवटी नेऊन ठेवले. त्याच वहीच्या पद्धतीने.

बांधलेली प्रत सरांना दिली. सरांनी तिसरं प्रकरण उघडलं, चष्मा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कॉर्पोरेशन एस. एम. बरंच काम केलेले दिसतात. सोलापूरचेच का? व्हायव्हाला बोलवता येतील."