माहिती अधिकाराचं टेबल तुमच्याकडे आलंय? टेन्शन घेऊ नका!

अभिनंदन साहेब (किंवा मॅडम). ऑर्डर निघाली, जन माहिती अधिकारी म्हणून तुमचं नाव बोर्डावर लागलं आणि आधीच्याने गठ्ठा तुमच्याकडे सरकवून सुटकेचा श्वास सोडला. आता रोज कोणी ना कोणी जोडपत्र 'अ' भरून, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून तुमच्यासमोर उभा राहणार. राहू दे. परवाच एका कार्यालयाने मला असं काही उत्तर पाठवलंय की म्हटलं ही विद्या आपल्यापुरती ठेवणं पाप आहे.

तर पहिलं म्हणजे घाई करायची नाही. कायद्याने ३० दिवस दिलेत ना, मग पत्रावर तिसाव्या दिवसाची तारीख टाका आणि पोस्टात सवडीने टाका. पाकिटावरचा शिक्का बघतंय कोण?

अर्ज हातात आला की आधी शब्द मोजा. मर्यादा १५० ची, वर गेला की तुम्ही सुटलात.

विषय दुसऱ्या खात्याचा असेल तर ५ दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. तुम्ही करा, ते परत तुमच्याकडे करतील, तुम्ही पुन्हा करा, जावक नंबर वाढतो आणि काम केल्यासारखं दिसतं.

माहिती कशाला हवीय हे कलम ६(२) प्रमाणे विचारता येत नाही. पण समोर बसवून, चहा मागवून, "काय साहेब, काही वैयक्तिक वाद आहे का?" असं सहज म्हटलं तर ते विचारणं थोडंच झालं!

"अभिलेख आढळून येत नाही." बास. पुढे एक शब्द लिहू नका.

आणि आता ब्रह्मास्त्र. प्रायव्हसी! कलम ८(१)(जे), वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देणारं. पूर्वी याच्यात फार कटकट होती हो. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवा, कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येतो हे दाखवा, वर ती अट, की जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याने हे सगळं काढून टाकलं, नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झालं, आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हणायचं आणि फाईल बंद. जनहित मोठं असेल तर तरीही माहिती द्यावी असं सांगणारं कलम ८(२) अजून जिवंत आहे, पण ते अर्जदाराला सांगायचं काय अडलंय?

मी मागितलं काय होतं? एका रस्त्याची वर्क ऑर्डर, एमबीची (कामाच्या मोजमापांच्या वहीची) कॉपी आणि ठेकेदाराला दिलेली बिलं. रस्ता सरकारी, पैसा सरकारी, मोजमापं घेणारा इंजिनिअर सरकारी. उत्तर काय, तर "सदर माहिती त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही". म्हणजे खडीचा थर किती जाडीचा टाकला ही आता ठेकेदाराची खाजगी बाब, जणू त्याचा एक्स-रे रिपोर्टच मागितला मी. मोजमाप घेतलं सरकारने, लिहिलं सरकारने, त्यावर बिल काढलं सरकारने, आणि वैयक्तिक कुणाचं तर त्याचं!

गंमत पुढेच आहे. हे उत्तर माझ्या हातात पडायच्या आधी ठेकेदाराचा फोन. "दादा, तुमचा अर्ज बघितला, काही प्रॉब्लेम असेल तर बसून मिटवू की." नंबर कुठून मिळाला विचारलं तर हसला, आणि व्हॉट्सॲपवर माझ्याच अर्जाचा फोटो पाठवला. सही, घरचा पत्ता, मोबाईल नंबर, वर कार्यालयाचा ठसठशीत आवक शिक्का. त्याच्या खडीला प्रायव्हसी आहे, माझ्या घराच्या पत्त्याला नाही.

अर्जदाराने याची तक्रार केलीच तर "सदर बाब माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही" असं कळवा. पहिलं अपील तुमच्या शेजारच्या केबिनमधे, तिथे ३० दिवस, फार तर ४५. दुसरं माहिती आयोगाकडे. आणि तिथे नंबर कधी लागतो ते तुम्हालाही माहितेय, मलाही.

पण बास झालं आता. त्रयस्थ पक्षाला कळवायचंच असेल तर कलम ११ आहे, ५ दिवसांत लेखी नोटीस द्यायची, १० दिवसांत त्याचं म्हणणं घ्यायचं, अर्जदाराच्या पत्त्याचा फोटो काढून पाठवा असं त्यात कुठे लिहिलंय ते दाखवा. अर्जदाराला पोस्ट बॉक्स नंबरही पुरे असं कलकत्ता हायकोर्टाने २०१३ मधेच म्हटलंय, ते उगाच म्हटलं नाही. २०१० मधे तळेगावात सतीश शेट्टींचा खून झाला, याच कायद्याने जमिनीचे घोटाळे बाहेर काढणारा माणूस होता तो. हे सगळं माहीत असून तुम्ही अर्ज ठेकेदाराच्या हातात देता? लाज वाटत नाही का? उद्या कुणाच्या दारात चार माणसं येऊन उभी राहिली तर फोटो कुणी पाठवला हे लिहून द्याल का?

माझं अपील दाखल झालंय, फोटोची प्रिंट जोडलीय. तोवर कलम २० वाचून ठेवा. दंड रोजचे २५० रुपये, २५ हजारांपर्यंत, आणि ते कार्यालयाच्या खात्यातून जात नाहीत, तुमच्या पगारातून जातात.