कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिमाचलमधल्या उंच स्पिती खोऱ्यात निघालेल्यांसाठी संदेश फिरतोय: "कापूर हुंगा, ऑक्सिजन वाढतो." हे खोटं आहे. कापरानं नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तेवढाच राहतो. हिक्कीम, लांग्झा ही स्पितीतली गावं सुमारे 4,400 मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, म्हणून मनालीहून एका दमात स्पितीतलं मुख्य गाव काझा गाठू नका. शिमला-किन्नौरचा रस्ता लांबचा, पण चढ हळूहळू येतो. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरा.

आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. अशा उंचीवर त्याचा त्रास एकाएकी उसळू शकतो, कधीकधी नुसत्या वाहकालाही (ज्याच्यात या आजाराचं एकच जनुक असतं आणि एरवी सहसा त्रास नसतो). निघण्याआधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा.