बाबा बहिरे नाहीत हो!
या पावसाळ्यात तिसऱ्यांदा बाबांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. १०८ ची अँब्युलन्स आमच्या रामबागेतल्या गल्लीत येते (त्यांचं कौतुकच), पण कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर उतरलं की ८४ वर्षांच्या बाबांचं एकदम कुक्कुलं बाळ होतं. "दादाजीऽऽ, क्या हुआ?" कानात ओरडतात. अहो, ऐकू येतं त्यांना! मोरीत पडलो, डोक्याला लागलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे ते स्वतःच सांगतायत. पण सगळे बघतात माझ्याकडे. अँब्युलन्सवाल्याने लिहिलं, नर्सने लिहिलं, डॉक्टरने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. गोळी मात्र कुणाच्याच कागदावर नाही! डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती म्हणूनच तर धावत आलो ना? शेवटी बाबाच म्हणाले, "इससे मत पूछो, इसको खुदकी बीपी की गोली याद नहीं रहती."