पाटणचा शिलालेख आधी वाचा तरी

चाळीसगावजवळच्या पाटणचा, म्हणजे पाटणादेवीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात, एक म्हणजे बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचा जन्म इथलाच, शिलालेखातच लिहिलंय, आणि दुसरी म्हणजे लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या पाण्याच्या घड्याळात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला म्हणून तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. कॉलेजची पोरं प्रोजेक्टमध्ये हे जसंच्या तसं टाकतात आणि खाली प्राथमिक साधन, म्हणजे थेट त्या काळातला पुरावा, म्हणून शिलालेखाचं नाव देतात. अरे भो, शिलालेख वाचला का पण?

शिलालेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ही नोंद. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत वंशावळ आहे, मठाला कोणी काय दिलं ते आहे, शेवटच्या ओळी तर चक्क जुन्या मराठीत, घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं इतकं बारीक. जन्मगाव मात्र नाही. ते भास्कराचार्य स्वतः सांगतात, सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड, आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं आजही जमत नाही.

आणि मोत्याची गोष्ट? ती अकबराच्या दरबारातल्या फैजी या कवीची. अकबराच्या हुकुमावरून त्याने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ ग्रंथात 'बाले' अशी हाक आहे, मुलगी कुठेच म्हटलेलं नाही. पण वंशावळही बापलेकांचीच, त्यामुळे मुलगी नव्हतीच असंही शिलालेखावरून म्हणता येत नाही, हे पण तितकंच खरं.

मला कळकळीने सांगायचंय ते हे की प्राथमिक किंवा दुय्यम (म्हणजे नंतरच्या कोणी सांगितलेलं) हा कागदाला कायमचा मारलेला शिक्का नसतो, तुम्ही त्याला काय विचारता त्यावर ते ठरतं. भास्कराचार्यांच्या घराबद्दल फैजी दुय्यम, पण अकबराच्या दरबारात त्यांच्याबद्दल काय सांगत होते हे विचारलं तर तीच प्रस्तावना प्राथमिक. १८८० चं खानदेश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, यादवांसाठी दुय्यम, पण इंग्रज साहेब भिल्लांकडे कसं बघायचा यासाठी अव्वल पुरावा. आणि प्राथमिक म्हणजे खरंच असंही नाही, शिलालेख म्हणजे नातवाने केलेली आजोबांची स्तुती, त्या हिशोबानेच वाचायची.

मोत्याची गोष्ट छान आहे, पोरांना जरूर सांगा, फक्त सोबत फैजीचं नाव आणि १५८७ हे साल पण सांगा.