वॉर्डातल्या वॉर्डात भाई घडवा

तुमच्या वॉर्डात अजून एकही भाई नाही म्हणून नाउमेद होऊ नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी वस्त्यांनी जे करून दाखवलं ते कोणालाही जमण्यासारखं आहे. भांडवल लागत नाही, धीर लागतो. तेरा वर्षांचा पोरगा सतराव्या वर्षी रात्री दीड वाजता ओळीने लावलेल्या रिक्षांच्या काचा फोडत निघावा, यासाठी मधली चार वर्षं कोणीही मध्ये पडता कामा नये. एवढं सांभाळलंत की बाकीचं आपोआप होतं.

सुरुवात मुलाच्या निवडीपासून. नवखे लोक इथेच चुकतात आणि वर्गातला सगळ्यात दांडगट पोरगा हेरतात. दांडगट पोरगा निदान रोज शाळेत तरी येतो. तुम्ही गैरहजर असलेला बघा. पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीला संपतात. दाखला हातात येतो, पुढची शाळा कुठेतरी लांब, आणि शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता. म्हणजे भाई घडवायला लागायचं वय आणि कायद्याने हात काढून घ्यायचं वय जवळपास एकच. जून महिन्यात ‘नववीत नाव घातलं का रे?’ एवढा प्रश्न मात्र कोणी विचारू नये. जुनी शाळा म्हणेल तो आमच्या पटावर नाही, नवी म्हणेल तो आमच्याकडे आलाच नाही. दोघीही खरंच बोलत असतात.

पोरगा चौदाच्या आतला असेल तर थोडी काळजी घ्यावी लागते, कारण सलग महिनाभर गैरहजर राहिला तर त्याची गणना ‘शाळाबाह्य’मध्ये होऊ शकते. पंचविसाव्या दिवशी तो एकदा येऊन बाकावर डोकं ठेवून झोपला की महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. सरकारही या बाबतीत आपल्याला समजून घेतं. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलं मोजली गेली आणि मोजलेल्यांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. शाई पुसली जाते ही तिची मोठी सोय आहे.

या टप्प्यावर एकच धोका संभवतो. एखाद्या बाई तिसऱ्याच दिवशी मुलाच्या घरी जाऊन थडकतात. आई कामावरून किती वाजता येते, शाळा सुटल्यावर हा कुठे जेवतो, कोणाला घाबरून रस्ता बदलतो, असले फालतू तीन प्रश्न विचारतात, आणि उत्तरं मिळाली की निम्मं काम तिथेच बिघडतं. अशा बाईंना मतदार यादीचं काम द्यावं, पाठोपाठ एखादं सर्वेक्षण, मग पोर्टलवरची माहिती भरायला बसवावं. वर्षभरात त्यांनाही मुलांची नावं आठवेनाशी होतात.

पहिली मारामारी सहसा शाळेच्या फाटकाबाहेर होते. दिसताना ती ‘रागाने का बघितलंस’ यावरून होते, पण तिच्यामागे दोन आठवड्यांची ग्रुपवरची शिवीगाळ असते, कोणाच्या तरी आईवरून काहीतरी बोललेलं असतं, आणि मोबाईलवर फिरलेला एक फोटो असतो. हे शोधायला मुख्याध्यापकांना एक तास लागेल. तो तास वाचवावा. आठवीपर्यंत मुलाला काढून टाकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहावं. पालकांनी विनंती कधी केली हे पालकांनाही दाखला वाचूनच कळतं. दोघांपैकी एकालाच दाखला द्यावा हे उत्तम, म्हणजे दुसरा ‘जिंकला’ आणि पहिल्याला हिशेब चुकता करायला दिवसभर मोकळा वेळ मिळाला.

आता पोलीस चौकी. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. त्याने साध्या वेशात मुलाशी बोलायचं, किरकोळ गुन्हा असेल तर गुन्हा दाखल न करता डायरीत नोंद घ्यायची आणि मुलाच्या घरचा, शाळेचा, संगतीचा अहवाल लिहून अठराखालच्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा, अशी व्यवस्था नियमांत आहे. भाई घडवणाऱ्याला याइतकी अडचणीची दुसरी गोष्ट नाही. म्हणून पोराला दोन कानाखाली देऊन, कान धरून उभं करून सोडून द्यावं. नोंद नाही, अहवाल नाही, देखरेख ठेवणारा परिविक्षा अधिकारी नाही. पोराला मात्र भाव कळतो: एक मारामारी, दोन कानाखाली. परवडतं. पाचव्या-सहाव्या खेपेला हाच पोरगा मोठा गुन्हा करून आला की सगळे म्हणतात, ‘रेकॉर्डवर तर काहीच नव्हतं.’ नसणारच.

चुकून मंडळापुढे गेलाच तरी घाबरू नका. चोवीस तासांत हजर करणं आलं, दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल आला, पण त्या अहवालात ‘वाईट संगत’ हे दोन शब्द भरले की काम भागतं. संगत कोणाची, ती कुठे बसते, तिला चहा-बिर्याणी कोण पाजतं-खिलवतं, हे लिहायला जागा असते पण वेळ नसतो. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये समुपदेशन, गटचर्चा, समाजसेवा, तीन वर्षांपर्यंतची देखरेख अशी लांबलचक यादी आहे. ही कामं करवून घेणारी माणसं नेमली नाहीत की यादीचा शेवट निबंधात होतो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या जामिनाला तीनशे शब्दांच्या निबंधाची अट आली आणि अख्खा देश संतापला, हसला. आपल्या दृष्टीने फार उपयोगाचं झालं. मुलाशी बोलणं, त्याच्यावर वर्षभर लक्ष ठेवणं म्हणजे थट्टेचा विषय, अशी लोकांची खात्री पटली, आणि ते करवून घ्यायला माणूस नेमा, असं कोणी म्हटलं नाही.

दरम्यान मोठ्या भाईने लहान भाईला हाताशी धरलेलं असतं. ‘तू अजून लहान आहेस, आत गेलास तरी चार दिवसांत सुटशील,’ हे वाक्य तो शंभरदा ऐकवतो. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे मंडळाला ठरवता येतं. ही माहिती पोराच्या कानावर जाऊ देऊ नये. त्याहून महत्त्वाचं, मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या प्रौढाला याच कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. हे कलम फार जपून ठेवावं, सहसा वापरात आणू नये. वापरलं तर भाई तयार करणारा कारखानदारच आत जाईल, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘मार्गदर्शक’ म्हणून फोटो कोणाचा लावणार?

हत्याराची चिंता नको. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना आधार कार्ड मागायचा मुद्दा निघाला होता. सोळा वर्षांच्या पोराकडेही आधार कार्ड असतं, आणि नारळ फोडायचा कोयता तर घरातच असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. स्थानिक बातमी नसेल तर भाई अर्धा कच्चा राहतो. तुम्ही एखादं न्यूज पोर्टल, यूट्यूब चॅनेल किंवा नुसता वॉर्डाचा ग्रुप चालवत असाल, तर तुमच्यावर मोठी जबाबदारी आहे. पहिला नियम: कोयता निघेपर्यंत काहीही छापायचं नाही. वाचनालयाला सहा महिने कुलूप आहे, मैदानात पार्किंग सुरू झालंय, नववीत किती मुलं पोचलीच नाहीत, मेडिकलच्या मागे नशेच्या गोळ्या कोण विकतो, या बातम्या नव्हेत. यांना व्ह्यूज नाहीत. उलट यातली एखादी वेळेवर छापली तर कोणीतरी कुलूप उघडायचं.

कोयता निघाला की मग लगेच लिहायला बसायचं. मजकूर तयारच असतो: ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘कोयते हवेत फिरवत’, ‘आम्हीच इथले भाई’, ‘परिसरात दहशत’. पूर्ववैमनस्य काय होतं ते विचारू नये, नाहीतर ते फाटकाबाहेरच्या मारामारीपर्यंत मागे जातं आणि बातमी लांबते. टोळीला नाव मिळालं नसेल तर तुम्ही द्या. गल्लीचं नाव आणि पुढे ‘गँग’. तोवर ती पाच पोरं होती, त्यातला एक तर नुसता गाडीवर मागे बसलेला. सकाळी बातमी येते आणि संध्याकाळी ती टोळी असते. शेजारच्या गल्लीलाही मग टोळी काढणं भाग पडतं, कारण तिची बातमी आलेली नसते. कोणत्या गल्लीने किती गाड्या फोडल्या हे आकड्यासह द्यावं. आकडा असला की पुढच्या वेळी तो मोडता येतो.

बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यावर सोपा तोडगा आहे. चेहरा धूसर करावा, आणि घराचा दरवाजा, आईचा चेहरा, चौकाचं नाव आणि शाळेचा गणवेश स्पष्ट ठेवावा. वस्तीला तेवढं पुरतं. पुढे हाच पोरगा गॅरेजमध्ये किंवा मॉलमध्ये काम मागायला जातो तेव्हा मालक मोबाईलमध्ये बघून ‘नंतर सांगतो’ म्हणतो, आणि पोराला काम देणारा एकच माणूस उरतो. तो फ्लेक्सवरचा.

टोळीत कोणी अठरा वर्षांवरचा असेल तर धिंड निघते. तिचं चित्रण खालच्या कोनातून करावं आणि मागे दणदणीत संगीत टाकावं. दहशत उतरवायला धिंड काढली, असं निवेदन असतं. पोरं मात्र तीच क्लिप स्टेटसला ठेवतात, कारण पोलीस बंदोबस्तात गल्लीतून चालायचा मान आजवर फक्त मंत्र्यांना मिळत होता. माफीच्या व्हिडिओचंही तसंच. हात जोडलेला भाग कापून टाकायला पोरांना मिनिटभर पुरतं.

आता घाईचा टप्पा, इथे जरासं दुर्लक्ष कमी पडलं तरी चार वर्षांची मेहनत वाया जाते. एका पोरावर वार झाला, त्याला ससून रुग्णालयात नेलं. एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरण असल्याची, नोंद झाली, जबाब झाला, टाके पडले. बाहेर रस्त्यावर आठ-दहा मित्र गाड्यांवर बसलेत. पुढचा वार कोणावर हे तिथे, त्या रात्री ठरतं. त्या वेळी वस्तीतला कोणी ओळखीचा, पोरांना ज्याचं ऐकावंसं वाटतं असा माणूस तिथे जाऊन बसला, चहा पाजत राहिला, जखमीच्या आईला बाहेर आणून ‘बदला नको’ म्हणवलं, तर ठरलेलं पुढे ढकललं जातं, आणि ढकललेलं बऱ्याचदा राहूनच जातं. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं पदही असतं. त्यांना बिलाच्या सवलतीच्या अर्जांत गुंतवून ठेवावं. ग्रुपवर मात्र त्याच रात्री ‘भाऊ लवकर बरा हो, हिशेब होणार’ अशी पोस्ट पडली पाहिजे. ॲडमिनने ती काढू नये. अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे.

परदेशातली काही वाईट उदाहरणं डोळ्यांसमोर असलेली बरी. शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने २००० साली हिंसेला साथीच्या रोगासारखं धरलं: एका वारातून दुसरा पसरतो, तर मध्येच तोडा. त्यासाठी त्यांनी पोलीस नेमले नाहीत, त्याच रस्त्यावर वाढलेली आणि पोरं ज्यांचं ऐकतात अशी माणसं पगारावर नेमली. ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी वेगळा कक्षच काढला. पुढे तिथे टोळीतल्या पोरांना न्यायालयात बोलावून जखमा शिवणाऱ्या डॉक्टरांना आणि मुलगा गमावलेल्या आईला त्यांच्यापुढे उभं केलं, आणि सुटायचं असेल तर लावायला फोन नंबर दिला. फोन केल्यावर पलीकडे खरोखर माणूस असायचा, हा या योजनेतला सर्वात घातक भाग. आपल्याकडे मुलांच्या मदतीसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. तो नंबर वस्तीत कुठेही रंगवलेला दिसला तर त्यावर ताबडतोब क्लासची जाहिरात चिकटवावी.

आपल्याकडच्या वॉर्ड बाल संरक्षण समितीची मात्र फारशी भीती बाळगू नका. तिचा अध्यक्ष नगरसेवक. मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ पुण्यात नगरसेवकच नव्हते, तेव्हा समिती बसली नाही म्हणून दोष द्यायला माणूसही नव्हता. आता नगरसेवक आहेत, तर त्यांना समितीची आठवण कोणी करून देऊ नये. दिलीच तर पहिल्या बैठकीत सत्कार ठेवावा, दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करावं.

एवढं करूनही एखादा उपद्रवी तरुण संध्याकाळी सहा ते आठ समाजमंदिरात पोरांना बसवायला लागेल. पाच-सहा कॅरम बोर्ड, नववीचं गणित, दुचाकी दुरुस्तीचं थोडं शिक्षण, आठ वाजता प्रत्येकाला खिचडी. म्हणजे नेमक्या ज्या दोन तासांत कट्ट्यावर भरती होते तेच दोन तास तो पळवणार. त्याला थेट विरोध करू नका, लोकांना सहानुभूती वाटते. परवानगीचा अर्ज मागा. अर्ज दिला की नोंदणीकृत संस्थेचं पत्र मागा, मग तीन वर्षांचं लेखापरीक्षण, मग विजेच्या मीटरसाठी ना हरकत. दहीहंडीचा मंडप, गणपतीचं साहित्य आणि निवडणुकीच्या खुर्च्या यांना तिथे आधीपासून जागा देऊन ठेवलेली असावी. आणि समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते हे वॉर्डात कोणालाही सांगता येऊ नये. मार्चअखेरीला दुरुस्तीचं बिल काढायची वेळ आली की ती बरोबर सापडते.