लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो कुणाला ‘सापडले’ नव्हते

‘अमेरिकी गायक पॉल सायमनने दक्षिण आफ्रिकेतले अनोळखी गायक शोधून काढले आणि त्याच्या ग्रेसलँड अल्बममुळे ते रातोरात मोठे झाले,’ असा मजकूर लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो या गायनसंघाबद्दल सगळीकडे फिरतोय. खाली ‘आफ्रिकेचं आदिम संगीत’ अशी पुस्तीही आहे. वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आधी ‘अनोळखी’. ग्रेसलँड आला १९८६ साली. त्याच्या तेरा वर्षं आधी, १९७३मध्ये, यांच्या ‘अमाबुथो’ अल्बमला गोल्ड रेकॉर्डचा मान मिळाला होता. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय गायकांच्या वाट्याला तो पहिल्यांदाच आला. त्याआधी गाण्याच्या चढाओढीत ते इतक्यांदा जिंकले, की ‘तुम्ही गा, पण स्पर्धेत उतरू नका,’ असं त्यांना सांगावं लागलं. नावातला ‘मम्बाझो’ म्हणजे झुलू भाषेत कुऱ्हाड, प्रतिस्पर्ध्यांना आडवं करणारी. लेडीस्मिथ हे संघाचे संस्थापक जोसेफ शबालाला यांचं गाव, आणि ‘ब्लॅक’ हा शेतातल्या सगळ्यात ताकदवान काळ्या बैलांचा रंग.

‘रातोरात’ तर मुळीच नाही. १९६४च्या सुमारास शबालालांना स्वप्नात पुन्हा पुन्हा एक स्वरमेळ ऐकू यायचा. तो जसाच्या तसा गळ्यात उतरावा म्हणून त्यांनी साथीदारांकडून मेहनत करून घेतली. दहाजणांत सातजण खर्जाचे! वाद्य एकही नाही, पण त्या खर्जावर शबालालांचा आवाज अलगद तरंगायचा.

आणि ‘आदिम’? इसिकथमिया ही गायकी शहराची आहे. खाणींत, कारखान्यांत राबायला आलेले झुलू मजूर वसतिगृहांत शनिवारची रात्र जागवून गायचे. पाय उंच उचलायचा आणि आवाज न करता चवड्यावर टेकवायचा, ही तिची चाल. तिच्यात मिशनच्या चर्चमधली स्तोत्रं आहेत, एकोणिसाव्या शतकाअखेर येऊन गेलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीय गायकांचा संस्कारही आहे. सत्तरच्या दशकात शबालाला स्वतः ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले आणि भक्तिगीतं या संघाचा प्राण झाली.

सायमनचं श्रेय मी नाकारत नाही. जगाचं दार त्याने उघडलं. १९८८मध्ये ग्रॅमी मिळवणारा त्यांचा ‘शाका झुलू’ हा अल्बम त्यानेच निर्माण केला. पण ग्रेसलँडमधल्या ‘होमलेस’ या गाण्याचे गीतकार-संगीतकार म्हणून दोन नावं छापली आहेत. दुसरं नाव जोसेफ शबालाला.